कडेवर न घेतलेली मुलगी

मैत्री दीड वर्षाची असताना हात वर करून आईसमोर उभी राहायची आणि चंदा तिला सांगायची, "मोठी झालीस ना आता." दीड वर्षाच्या पोरीला मोठी म्हणणारी आई दिल्लीच्या सगळ्या आर. के. पुरमात दुसरी नसेल. खाली बसून मांडीवर मात्र ती मुलीला कितीही वेळ घ्यायची. कडेवर कधीच नाही.

कारण होतं, पण ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. बाळंतपणानंतर चंदाच्या जांघेत सुपारीएवढी गाठ आली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी साडीवरूनच चाचपल्यासारखं केलं आणि निकाल देऊन टाकला, हर्निया. ऑपरेशन करा, नाहीतर वजन उचलू नका. आतडं अडकलं तर जिवावर बेतेल. अमरावतीहून नुकतंच आलेलं जोडपं, दिल्लीत ना सासर ना माहेर, पदरात लहान पोर. ऑपरेशनची दोघांनी धास्तीच घेतली. चंदाचे यजमान भाऊराव केंद्र सरकारच्या नोकरीत. त्यांनी डॉक्टरांचा शब्द सरकारी आदेशासारखा पाळला. पाण्याची बादली तेच उचलत, सिलिंडर तेच सरकवत आणि मुलीलाही तेच घेत. शेजारी "बीवी की सेवा हो रही है" म्हणून चिडवत आणि भाऊराव हसून सोडून देत. जांघेचं नाव कोण काढणार? मुलीपुढे तर मुळीच नाही.

मैत्री मोठी होऊन नोकरीला लागली. भाऊराव दोन वर्षांपूर्वी गेले. यंदा गाठ लिंबाएवढी होऊन ठणकायला लागली, तेव्हा कुठे चंदाने मैत्रीजवळ तोंड उघडलं, तेही 'खाली दुखतंय' एवढंच. मैत्रीने रजा टाकली आणि तिला दिल्लीतल्याच द्वारका भागातल्या एका हॉस्पिटलात नेलं.

डॉक्टर निधी वयाने तरुण, पण त्यांना घाई नव्हती. त्यांनी चंदाला खोकायला लावलं, झोपवून गाठ दाबून पाहिली. हर्नियासारखी ती आत जाईना. मग सोनोग्राफी झाली, एमआरआय झाला. रिपोर्ट आल्यावर त्यांनी मायलेकींना समोर बसवलं.

"हर्निया है ही नहीं, आंटी. इसमें आंत नहीं, सिर्फ पानी है."

पुरुषांना होतो तो हायड्रोसील क्वचित बायकांनाही होतो, त्यांनी समजावलं. मुलगी आईच्या पोटात असताना तिच्या जांघेत एक बारीक नळी असते, ती पुढे आपोआप बुजते. चंदाची बुजली नव्हती आणि तिच्यात पाणी साठत गेलं होतं. पुष्कळदा त्याला हर्नियाच समजलं जातं. छोट्या ऑपरेशनने पाण्याची पिशवी काढून नळीचं तोंड बांधलं की झालं.

"और वजन?" चंदाने विचारलं. "वो डॉक्टर बोले थे, वजन मत उठाना. मैंने बच्ची को भी नहीं उठाया."

"उठा सकती थीं," डॉक्टर हळूच म्हणाल्या.

चंदाने मैत्रीकडे बघायचं टाळलं. पोरीसाठीच तर जीव जपतेय, अशी तिने आजवर स्वतःची समजूत घातली होती. तो आधारही गेला.

बाहेर येऊन गाडीत बसल्यावर मैत्रीने किल्ली फिरवलीच नाही.

"मला वाटायचं, तुला मी नकोच होते," ती म्हणाली. "मुलगा हवा असेल. बाबांना विचारलंसुद्धा होतं एकदा. ते म्हणाले, आईला विचार. तुला विचारायची हिंमतच नाही झाली यार."

"तुला घ्यावंसं फार वाटायचं गं मला."

"मग सांगायचंस ना. हर्निया आहे, बस, एवढंच."

"जागा सांगायची लाज वाटली."

"नंतर तरी. मी कॉलेजात गेल्यावर तरी सांगायचंस."

"तोवर तू माझ्याजवळ यायचंच सोडलं होतंस," चंदा म्हणाली.