मुकादमाची पाळी

लोन विलो रँचवर वासरांना शिक्के मारायच्या, म्हणजे डागणीच्या दिवशी दोर कुणी टाकायचा हे मुकादम ठरवतो. मालकसुद्धा त्यात तोंड घालत नाही. हॉलिस ट्रेडवे एकवीस वर्षं तिथला मुकादम होता आणि दर मे महिन्यात पहिलं नाव तो स्वतःचंच घ्यायचा. त्यावर कधी कुणी हूं की चूं केलं नव्हतं. उत्तर नेवाडात त्याच्या तोडीचा फास टाकणारा शोधून सापडला नसता.

पण गेल्या ऑक्टोबरात एक उधळलेला बैल धरताना घात झाला. दोराचा वेढा खोगिराच्या खुंटावर घेता घेता त्याचा उजवा अंगठा मधे सापडला. बैलाने एक हिसका दिला आणि अंगठा गेला. दवाखान्यातून परतल्यावर हॉलिसने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. हातमोज्याच्या अंगठ्यात त्याने लोकर ठासून भरली, आणि हिवाळाभर चारचौघांत तो हातमोजा काढला नाही.

त्या सकाळी तीनशे गाई वासरांसकट माळावर गोळा केल्या होत्या. तिथे कुंपण नव्हतं. बारा स्वार घोड्यांचं रिंगण करून कळप आवरून उभे होते. शेकोटीत शिक्के तापत होते, आणि रिवाजाप्रमाणे मदतीला आलेली शेजारची माणसं कॉफीचे शेवटचे घोट घेत मुकादमाच्या तोंडाकडे पाहत होती.

“गळ्याला ऑरव्हल,” हॉलिस म्हणाला. मग घसा खाकरून म्हणाला, “मागच्या पायांना डेला.”

डेला ही त्याची मुलगी, सव्वीस वर्षांची. इतकी वर्षं ती रिंगणात उभी राहायची. तिने मान खाली घालून खोगिराला बांधलेला दोर सोडला, पण तिचे कान लाल झालेले हॉलिसला दिसले.

शेजारचा ऑरव्हल स्टकी सत्तरीचा होता, आणि त्याची जीभ भलती तिखट. “आणि तू रे?” त्याने विचारलं. “कॉफी वाटणार?”

“शिक्का धरणार.”

“धर, धर! एकवीस वर्षं वरून हुकूम सोडलेस, आता खाली बसून धूर खा लेका.”

माणसं हसली. हॉलिसही हसला, पण ते हसू वरवरचं होतं.

शिक्क्याचं काम मात्र त्याने जीव ओतून केलं. शिक्का लालबुंद असून चालत नाही, राखेच्या रंगाचा लागतो. टेकवला की हलू द्यायचा नाही, आणि कातडं नव्या खोगिराच्या रंगाचं झालं की झटक्यात उचलायचा. डेला आणि ऑरव्हल दोरावर वासरू आणत, दोघे तरुण ते आडवं पाडून दाबून धरत, ऑरव्हलची नात ट्रूडी लस टोचे आणि हॉलिस विलोची खूण उमटवे. तास दीड तास काम असं लयीत चाललं.

मग ट्रूडी एकदम ओरडली, “हॉलिसकाका, अंगठा! तुमचा अंगठा जळतोय!”

“कुठला अंगठा?” हॉलिसने अगदी भाबडेपणाने विचारलं.

हातमोज्याच्या अंगठ्यातून जळक्या लोकरीचा धूर निघत होता, आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता. तेवढ्यात घोड्यावरून ऑरव्हलचं हसू फुटलं, खोकल्यासारखं, थांबता थांबेना. पाठोपाठ ट्रूडी हसली, वासरू दाबणारे दोघे हसले, आणि हॉलिसने त्या धुराकडे पाहिलं तशी त्यालाही पोट धरून हसू आलं. त्याने हातमोजा काढून शेकोटीत भिरकावला. सगळ्यांनी तो हात पाहिला. मग पुढचं वासरू आलं आणि जो तो कामाला लागला. सात महिने ज्याची धास्ती घेतली होती, ते एवढंसंच निघालं.

जेवणाला थोडा अवकाश होता तेव्हा एक दांडगं वासरू दोरावर आलं. ऑरव्हलचा फास त्याच्या गळ्यात होता आणि डेलाचा मागच्या पायांत. त्याने असा काही टाहो फोडला की त्याची आई रिंगण फोडून बाहेर पडली. पांढऱ्या तोंडाची, शिंगाळ, अकराशे पौंडांची गाय मान खाली घालून थेट शेकोटीकडे सुटली. ट्रूडी गुडघ्यांवर बसून सुई भरत होती, आणि तिची पाठ गाईकडे होती.

हॉलिसने ते पाहिलं. ‘दोर सोड, डेला! आडवी जा!’ शब्द ओठांवर आले आणि त्याने दात आवळले. ऐन वेळी दोघांचे हुकूम झाले की घोडा भांबावतो.

डेलाने खुंटावरचे वेढे केव्हाच उलगडले होते. दोर मातीत टाकून तिने टाच मारली. घोडा गाईच्या आणि ट्रूडीच्या मधे घुसला आणि छातीने गाईच्या खांद्यावर आदळला. गाय धडपडली, फिरली, पुन्हा शिंगं रोखून आली. डेलाने घोडा तिच्या कुशीला असा चिकटवला की तिला कळपाखेरीज दुसरी वाटच राहिली नाही. तोवर तीनशे गाईंनी माना वर केल्या होत्या. एक चुकीची हालचाल झाली असती तर सगळा कळप उधळला असता. पण गाय वळताच डेलाने लगाम सैल सोडला, घोडा संथ चालीवर आणला आणि जणू काही घडलंच नाही अशी तिला चालवत कळपात नेऊन सोडली. गाईंनी एकेक करत माना खाली घातल्या.

ट्रूडी उठून उभी राहिली.

ऑरव्हल स्तुतीच्या बाबतीत पक्का कंजूष. त्याने डेलाच्या घोड्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “घोडा बरा आहे.”

सगळ्यांना समजलं. ऑरव्हलने ‘बरा’ म्हटलेला तो त्या मुलुखातला तिसरा की चौथा घोडा होता.

“बसणारी त्याहून बरी आहे,” हॉलिस म्हणाला. पोटच्या पोरीचं कौतुक चारचौघांत करायची त्याची रीत नव्हती, पण तो म्हणाला, आणि डोळे पुसताना धुराला दोन शिव्याही दिल्या.

जेवणात बीन्स होते, गरम, पावासारखी बिस्किटं होती. जेवून झाल्यावर डेला त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. आवाज मुलीचा नव्हता, कामावरच्या माणसाचा होता.

“मुकादम, माझा घोडा दमलाय. आता पाळी कुणाची?”

हॉलिसने सगळ्यांवरून नजर फिरवली. दोर टाकणारे आणखी चौघे तरी होते. तो उठला आणि पँट झटकली.

“माझी,” म्हणाला.

घोड्यावर चढून टाकलेला पहिला फास रिकामा गेला. दुसराही. अंगठ्याविना दोर मुठीत फिरत होता.

“झोपलास का रे?” ऑरव्हल ओरडला. “वासरू म्हातारं होईल!”

“तू नाही का झालास? तरी तुला कामातून कुणी सोडलंय?”

तिसऱ्या खेपेला हॉलिसने मनगट जरा उलटं ठेवलं, फास जमिनीलगत सोडला, आणि वासराने आपले दोन्ही पाय त्यात आपणहून टाकले. चार बोटांनी त्याने वेढा घेतला. दोर घसरला, खुंटावरून धूर निघाला. त्याने आणखी एक वेढा घेतला आणि दोर तटतटून धरला गेला. रिंगणातून कुणीतरी शीळ घातली. तो वासरू घेऊन शेकोटीपाशी आला तेव्हा शिक्का डेलाच्या हातात होता.

“राखेच्या रंगाचा आहे ना?” त्याने विचारलं.

“बाबा, तू तुझा दोर सांभाळ.”

दुपारभरात त्याने एकोणीस वासरं आणली. चुकलेले फास कुणी मोजले नाहीत. ऊन कलताना कळप मोकळा सोडला. हंबरत, हुंगत गाई आपापली वासरं शोधू लागल्या आणि माळभर पांगल्या.

ऑरव्हल नातीला घेऊन निघाला. थोडं पुढे जाऊन त्याने घोडा थांबवला.

“मंगळवारी आमच्याकडे डागणी आहे. डेलाला धाड.” मग मान न वळवताच तो म्हणाला, “तूही ये. दोर घेऊन.”

“येतो,” हॉलिस म्हणाला.