पान नऊवरची घंटा

आमच्या घरी मला चौकशी खातं म्हणतात. शेजारी कोण आलं, कशाला आलं, कधी जाणार, हे विचारल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही. खंडाळ्यात होते तोवर आई यावरून रोज कपाळावर हात मारायची. आता सांगलीत बी.कॉम.ला याच खोडीचे मार्क मिळतात. आठवड्यातले तीन दिवस कॉलेज आणि तीन दिवस अवधूत सरांच्या ऑफिसात ऑडिटचं काम, अशी आमच्या अभ्यासक्रमाची रचना आहे. वर्षाच्या शेवटी सर अहवाल देतात, त्यावर गुण ठरतात. सरांचा नियम एकच: डोळ्यांनी पाहिल्याशिवाय टिक करायची नाही.

पलूसजवळच्या एका गावात शेतकऱ्यांची सोसायटी आहे. तिथलं डेडस्टॉक तपासायला सरांनी मला पाठवलं. डेडस्टॉक म्हणजे संस्थेच्या टेबलं, कपाटं, पंखे अशा वस्तूंची यादी. एका जाड रजिस्टरात ती लिहिलेली असते. वस्तू बघायची आणि तिच्यापुढे टिक करायची, इतकं साधं काम.

सोसायटीचे सचिव बाळासो अण्णा त्याच महिन्याच्या अखेरीला निवृत्त होणार होते. चहाचा पहिला कप संपायच्या आतच त्यांनी मला सांगून टाकलं, "चौतीस साल नोकरी झाली, मॅडम. एक शेरा न्हाई. एवढं कोरं पान घिऊन घरी गेलो की झालं." मॅडम म्हटल्यावर मी उगाच जरा ताठ बसले.

दुपारपर्यंत सगळं सुतासारखं सरळ चाललं. मग पान नऊ आलं. "पितळी घंटा, नग १, सन १९६१."

"अण्णा, घंटा कुठं आहे?"

"कसली घंटा?" त्यांनी चष्मा नाकावर ओढून ओळीवरून बोट फिरवलं. "व्हय की. असंल हितंच कुठंतरी. दरसालची टिक हाय बघा."

टिक खरंच होती. निळ्या, काळ्या, लाल शाईच्या टिकांची रांगच लागली होती. आम्ही कपाटं उपसली, माळा झाडला, खताच्या गोदामात पोत्यांमागं वाकून बघितलं. एक जुना कंदील निघाला, घंटा काही निघाली नाही. अण्णांचा चेहरा पार उतरला. "आज ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "उद्या दावतो."

दुसऱ्या दिवशी घंटा टेबलावर हजर. काळीकुट्ट.

"माळ्यावरच गावली. फुटक्या टोपलीखाली हुती."

तो माळा काल मी स्वतः झाडला होता. मी घंटा उलटी केली. आपण भांड्यांवर नाव घालतो तसं कडेला ठिपक्याठिपक्यांनी कोरलं होतं: सोसायटी, १९६१. मी नख लावलं तर काजळी निघून आली, आणि ठिपक्यांतलं पितळ नव्या कळशीसारखं चकाकलं.

"अण्णा, हे नाव कधी घातलं?"

अण्णा भिंतीकडं बघत म्हणाले, "काल सांजच्याला. सांगलीतनं आणली." त्यांचे डोळे भरून आले होते. "सोसायटीचा पेन कवा घरी न्हेला न्हाई, पोरी. आन् जाताना घंटाचोर म्हणून जाऊ व्हय?"

मला फार वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, हात पेनाकडं गेलाही होता. नग एक पाहिजे, नग एक समोर आहे. टिक केली असती तर कुणाला कळणार होतं? पण माझी खोड आडवी आली. मग जुनी घंटा गेली कुठं?

मी टिका पुन्हा एकेक बघत मागं गेले. अठ्ठ्याण्णव सालची टिक हिरव्या शाईत होती, खाली वळणदार सही. ती सही मला पाठ आहे. माझ्या दर आठवड्याच्या हजेरीवर तीच असते. त्या वर्षी सर माझ्यासारखेच शिकाऊ असणार. मी तिथूनच फोन लावला. अहवाल सरांच्याच हातात होता, आणि मी त्यांचीच उलटतपासणी करत होते. तरी तोंड थांबलं नाही.

"सर, अठ्ठ्याण्णव साली तुम्ही घंटा पाहिली होती?"

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"नाही," सर म्हणाले. "आधीच्या टिका बघून केली. आता तू बघ."

फोन ठेवून मी अण्णांना विचारलं, "सोसायटीला घंटा लागायची तरी कशाला?"

"खताची गाडी आली की वाजवायचे म्हणं. माझ्या येळंला फोन आलं."

"घंटा नेणारा ती लपवून कशाला ठेवील? वाजवायलाच नेली असणार. गावात घंटा कुठं कुठं वाजते?"

"देवळात," अण्णा म्हणाले. "आन् शाळंत."

देवळातल्या दोन्ही घंटांवर देणाऱ्यांची नावं होती. शाळेत मुख्याध्यापिका राजेश्वरीबाईंनी आधीच बजावलं, "हात लावा, पण उतरवू नका. आमच्या डेडस्टॉकला आहे ती. दरवर्षी टिक होते." मी स्टुलावर चढले. कडेला हिरवट गंज भरलेले ठिपके होते. रुमालानं पुसले. सोसायटी, १९६१.

एक घंटा, दोन रजिस्टरं, आणि दोन्हीकडं वर्षानुवर्षं टिका! मला हसूच आवरेना. बाईंना मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. अण्णाही हसले नाहीत. ते घंटेखाली दोरी धरून उभे होते.

"लय जड हुती," ते म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत?"

"मीच आणली, पोरी. चौथीत हुतो. शाळंची घंटा फुटल्याली. गुर्जी म्हणाले, बाळ्या, सोसायटीतली मागून आण, दोन दिवसांनी परत दिऊ. डोक्यावर घिऊन आलो. वाटंत दोनदा खाली ठिवली. परत न्यायला कुणी सांगितलंच न्हाई." त्यांनी दोरी सोडली. "चौतीस येळा त्या ओळीवरनं बोट फिरवलं. एकदाबी आठवलं न्हाई बघ."

राजेश्वरीबाईंचा चेहरा एव्हाना पडला होता. अण्णाच म्हणाले, "हितंच ऱ्हाऊ द्या. पोरांची सवय झालीया."

सोसायटीत परत आलो. खोट्या सालाची नवी घंटा अण्णांनी पिशवीत घालून स्वतःच्या सायकलीला अडकवली. मी घुटमळत म्हटलं, "अण्णा, शेरा लिहावा लागेल. तुमचा पहिलाच."

"लिहायचा तर. आण, मीच लिवतो."

त्यांनी पान नऊ उघडलं आणि सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं: "पितळी घंटा, नग १, दोन दिवसांच्या बोलीवर गावच्या शाळेस दिली. परत आलेली नाही." शेवटच्या रकान्यात घेऊन जाणाऱ्याचं नाव लागतं. तिथं ते जरा थांबले. मग त्यांनी लिहिलं, "बाळासो नाथाजी सूर्यवंशी, इयत्ता चौथी," आणि खाली सही केली.

ती सही मी माझ्या डोळ्यांनी पाहिली, आणि मगच टिक केली.