सासूबाईंच्या हाताची वजावट

“जावईबापू, वर या आणि बघा काय लख्ख निघाल्यात,” सासूबाईंनी गच्चीच्या जिन्यातून हाक मारली.

कचेरीत सगळे ज्यांना पट्टीवाले म्हणत, ते जावई वर गेले आणि जिन्याच्या दारातच थबकले. चौकटीला टांगलेल्या तांब्याच्या सहा पट्ट्या काल संध्याकाळपर्यंत काळ्याकुट्ट होत्या. आता त्यांत तोंड दिसत होतं. खाली पिळून टाकलेली लिंबं आणि मिठाची वाटी पडली होती. सासूबाईंना पाहुण्या म्हणून येऊन चारच दिवस झाले होते, पण स्वस्थ बसणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

“आई, त्या काळ्या व्हायलाच टांगल्या होत्या,” पट्टीवाले कसेबसे म्हणाले.

“म्हणजे?”

“कारखान्याच्या धुरात गंधक असतं, त्यानं तांबं काळं पडतं. पट्टी वर्षभर टांगायची, मग काळं काढून वजन करायचं. जितकं घटलं, तितकी हवा वाईट.”

“आणि याचा पगार देतात?”

“अठरा वर्षं देतायत.”

सासूबाईंनी मागोमाग आलेल्या लेकीकडे पाहिलं. लेक टाकीकडे बघत राहिली. लग्न ठरवताना मुलगा प्रयोगशाळेत आहे एवढ्यावरच सासूबाई खूश झाल्या होत्या. तो तिथे नेमकं काय करतो, हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

पट्टीवाले महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. बढती नाही, बक्षीस नाही. त्यांच्या नावावर होते ते या गच्चीवरचे अठरा वर्षांचे आकडे, एकही रकाना रिकामा न ठेवता भरलेले. पट्ट्यांचं वर्ष भरत आलं असताना शेवटचाच रकाना आता कोरा राहणार, या विचारानं त्यांना रडू यायचं बाकी होतं. पट्ट्या कागदात गुंडाळून ते प्रयोगशाळेत गेले आणि तिथल्या प्रमुख मॅडमसमोर मान खाली घालून उभे राहिले.

मॅडमनी भिंगाखाली एकेक पट्टी पाहिली. कोपऱ्यातले नंबर शाबूत होते, डाग एकही उरला नव्हता.

“काळं आपण आम्लानं काढतो, त्यांनी लिंबानं काढलं,” मॅडम म्हणाल्या. “घासताना चांगलं तांबं किती गेलं, एवढाच प्रश्न. आम्ल किती खातं ते आपण कोऱ्या पट्टीवर बघतोच ना? तसं यांचंही बघू.”

“यांचं म्हणजे?”

“तुमच्या सासूबाईंचं. घेऊन या त्यांना.”

दुपारी सासूबाई घोट्यापर्यंतचा पांढरा कोट चढवून टेबलाशी बसल्या. घरची लिंबं घरच्याच पिशवीतून आली होती. समोर वजन केलेल्या तीन नव्या पट्ट्या होत्या आणि मॅडमच्या हातात घड्याळ.

“ही तर चकचकीतच आहे. हिचं काय घासू?”

“सकाळी घासलंत तसंच घासा, आई.”

“सकाळी कुणी घड्याळ लावून डोक्यावर उभं नव्हतं.”

तरी त्यांनी घासलं, मन लावून घासलं. मॅडमनी पट्ट्या पुन्हा तोलल्या. प्रत्येकी चार मिलिग्रॅम घट.

“काहीच नाही. हात फार हलका आहे तुमचा.”

“हे माझ्या लेकीला सांगा,” सासूबाई म्हणाल्या.

पट्टीवाल्यांचा जीव भांड्यात पडला. मॅडमनी एक नवा रकाना आखून त्यावर गंभीरपणे ‘सासूबाईंच्या हाताची वजावट’ असं लिहिलं. ती वजा करून पट्टीवाल्यांनी शेवटचा आकडा मांडला. पट्टीमागे पाऊण ग्रॅम घट. पहिल्या वर्षीच्या दुप्पट. खाली त्यांनी सही केली.

सासूबाई चष्मा सावरून कागदाकडे बघत होत्या. “माझं एवढंसं. मग बाकीचं कुणी खाल्लं?”

“हवेनं.”

“त्याच गच्चीवरच्या?”

“हो.”

“आणि हे तुम्ही अठरा वर्षं सांगताय वरच्या साहेबांना?”

“दरवर्षी.”

“मग ते काय करतात?”

पट्टीवाल्यांनी पेनाला टोपण लावलं. “दरवर्षी नव्या पट्ट्या देतात.”

कोटाची बटणं काढता काढता सासूबाई म्हणाल्या, “मग सही तरी ठळक करा, जावईबापू.”

पट्टीवाल्यांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं आणि केलेल्या सहीवरून एकदा सावकाश, दाबून गिरवलं.