पिस्टनचा कौल

“फिरव!” गणपतीनं जीपच्या इंजिनातल्या प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरला. मयूरीनं पुढून हँडल मारलं आणि बापाचा अंगठा फटकन उडाला.

“बघितलंस? ह्येला म्हणायचं दम! आणि तू ह्योच कमी करायला निघालीस?”

गुंदच्या फाट्यावरचं गॅरेज गणपतीचं, जीपही त्याचीच. इंजिनातले उंच डोक्याचे पिस्टन त्यानं तरुणपणी बेळगावात धुंडून, कानशीनं घासून स्वतः बसवलेले. त्यांच्या जोरावर जीपनं वर्षानुवर्षं गावाला चढ पार करून दिला होता. पण गेल्या शिमग्याला भरली जीप चढाच्या वळणावर कटकट करत थांबली. बायाबापड्या उतरून ढकलू लागल्या आणि गणपती स्टिअरिंग धरून मान खाली घालून बसला. बापाची मान अशी खाली गेलेली मयूरीनं जन्मात बघितली नव्हती. तिचा जीव तुटला. ही जीप एकही माणूस न उतरवता वर जाईल, नाहीतर नावाची मयूरी नाही, असं तिनं तिथंच ठरवलं.

मग तिनं बेळगावच्या भंगारातून एक सुपरचार्जर उचलून आणला. पट्ट्यावर फिरायचा आणि इंजिनात हवा कोंबायची, एवढंच त्याचं काम. अडलं ते पिस्टनपाशी.

“आप्पा, पोत्यात भात आधीच ठासून भरलाय. त्याच्यावर तुम्ही आणि बसला तर?”

“शिवण उसवंल.”

“मग! हवा कोंबूनच येणार, तिला तुमचा पिस्टन आणि दाबणार. ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल भडकंल, पिस्टनला भोक पडंल. दुसरं इंजिन हाय आपल्याकडं?”

“हेडखाली जाड गॅस्केटचा पत्रा घाल की मधी.”

“त्यानं दाब उतरंल, पण इंजिन कटकट ठोकायचं थांबणार न्हाई. डोक्यात वाटी असलेले पिस्टनच पाहिजेत.”

गणपतीनं पाना खाली ठेवला. म्हणाला, “सातेरीला कौल लावतो. मूर्तीवरची उजवी पाकळी पडली तर इंजिन खोल. डावी पडली तर इंजिनाला हात लावायचा न्हाई.”

“पिस्टन देवीनं निवडायचे व्हय?”

“जीप माझी हाय,” गणपती म्हणाला आणि आत गेला.

सकाळी धुतलेला सदरा घालून तो देवळाकडं गेला. मयूरी काय हातावर हात ठेवून बसणारी नव्हती. तिनं इंजेक्शनच्या सिरिंजनं गॅरेजात पडलेल्या जुन्या हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या झाकणाच्या, पोकळीत तेल सोडून हवेला किती जागा ते मोजलं. पिस्टनचा दुकानदार फोनवर सांगत होता, सगळ्यात खोल वाटीचे घ्या, सगळे तेच नेतात. सगळे नेतात म्हणून आपणही न्यायचे? फार खोल वाटी घेतली तर चढाच्या पायथ्याशीच जीप मेल्यासारखी होईल. सुपरचार्जर वरून हवा भरेपर्यंत इंजिनात जीवच राहणार नाही. तिनं मधली वाटी ठरवली.

“आणि डावी पडली तर गे?” आई केशरनं चुलीपासून विचारलं.

“पुन्हा विचारायला लावीन. देवी काय एकदाच ऐकती?”

दुपारी गणपती परतला. सदऱ्याला मागून लाल माती लागली होती.

“उजवा दिला,” एवढंच म्हणाला आणि पाना हातात घेतला.

पिस्टन येताच त्यानं इंजिन स्वतः उघडलं. आपले जुने पिस्टन काढून, पुसून धोतराच्या फडक्यात बांधले. नवे बसल्यावर अंगठा लावून बघितला. या खेपेला अंगठा जागचा हललाही नाही. गणपतीचा चेहरा पडला.

“फुंकर मारल्यागत लागतंय गे.”

“हवा वरनं येणार हाय, आप्पा. दम धरा.”

मयूरीनं सुपरचार्जर जोडला आणि बाजारच्या दिवशी जीप गच्च भरली. मयूरी चालवत होती, गणपती शेजारी. वळण आलं आणि मागचा एक म्हातारा शिमग्यासारखं ढकलावं लागणार म्हणून उतरायला उठला.

“बसा!” मयूरी ओरडली आणि तिनं पाय दाबला. सुपरचार्जर शिट्टी घालू लागला आणि जीप चढून गेली. मागं कुणीतरी सातेरीच्या नावानं गजर केला. गणपतीनं मान वर करून वळणावरच्या झाडांकडं बघितलं.

मंगळवारी मयूरी नारळ घेऊन देवळात गेली. वासू गुरव गाभारा झाडत होता.

“नारळ कशाचा गो?”

“आप्पांनी कौल लावला होता न्हवं? देवीनं उजवा दिला.”

“कवा?”

तिनं दिवस सांगितला.

“काय तरीच! तवा मी सुप्याला लेकीकडं होतो. देवळाला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. कौल लावला कुणी?”

 मयूरीला बापाच्या सदऱ्यावरची लाल माती आठवली. सकाळपासून दुपारपर्यंत बाप बंद देवळाच्या पायरीवर बसला होता. लेक बरोबर आहे हे त्याच्या तोंडातून निघणार नव्हतं, म्हणून देवीचं नाव पुढं केलं. तिचे डोळे भरून आले.

“नारळ फोडा, वासूकाका,” ती म्हणाली. “कौल बरोबरच पडलाय.”

घरी गणपती जीपखाली होता. तिथूनच त्यानं विचारलं, “वासू काय म्हणाला?”

“देवी खूश हाय म्हणाला.”

 तो बाहेर आला, हात पुसले, तिनं आणलेली प्रसादाची खोबऱ्याची वाटी स्क्रू-ड्रायव्हरनं फोडली आणि मोठा तुकडा लेकीच्या हातावर ठेवला.