बबड्याचा संघर्ष

लेखिकाबाईंनी दुसऱ्यांची बरीच आत्मचरित्रं लिहून दिली होती. एका पैलवानाचं, एका शल्यविशारदाचं, एका निवृत्त तुरुंगाधिकाऱ्याचं. त्या सगळ्यांची अडचण एकच होती, माणसं बोलायची थांबत नसत. हा गायक मात्र असा पहिलाच भेटला, की चहा निवायच्या आत त्याचं आयुष्य संपलं.

मुलगा एकवीस वर्षांचा. न्हाव्याच्या दुकानापासून दवाखान्याच्या लिफ्टपर्यंत त्याचीच गाणी वाजत. घरी त्याला बबड्या म्हणायचे, आणि स्वभावानंही तो बबड्याच होता.

"शाळेत गेलो, मावशी. मग गायला लागलो. लोकांना आवडलं." त्यानं डोकं खाजवून पाहिलं. "मध्ये एकदा घसा बसला होता."

"मग?" बाईंनी पेन सरसावलं.

"मग झाला बरा."

बाईंनी प्रकाशकाला फोन केला. प्रकाशक वैतागला. "अहो, करार झालाय, जाहिरात झालीये! तुम्ही या धंद्यात मुरलेल्या. लावा की थोडं तिखटमीठ!"

बाईंनी लावलं. बबड्याला उपाशी झोपवलं. त्याच्या बापाकडून संतापाच्या भरात गिटार फोडून घेतली. फुटक्या कौलांतून चांदणं पाडलं, कारण तसं बरं दिसतं. मजकूर वाचायला धाडला, तर बबड्याचा रडवेल्या आवाजात फोन.

"मावशी, मी एवढं सोसलंय, हे मला माहीतच नव्हतं हो!"

तिथंच त्यांच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण त्या खूश झाल्या. तिकडे बबड्या मुलाखतींमधून उपाशी रात्रींबद्दल बोलू लागला, आणि घरी बापाकडे जखमी नजरेनं बघू लागला.

आठवड्याभरात त्याच्या आईचा फोन आला. आवाज गोड होता. "बाई, उद्या दुपारी जेवायलाच या."

बाई गेल्या. आईनं ताट वाढलं. बाईंचा हात थांबला की वाढलं, नको म्हटलं की पुन्हा वाढलं. समोर वडील बसले होते. ते मोटार चालवायला शिकवत. शेजारच्या सीटवर बसून जन्म गेलेला, त्यामुळे घरात कुणाचा आवाज चढला की त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधायचा.

बाईंना पहिला ढेकर आल्यावर आईनं चष्मा लावला आणि कागद उघडले.

"'आई पदरानं डोळे पुसत म्हणाली, बाळा, आज चूल पेटली नाही.'" तिनं मान वर केली. "बाई, आमच्याकडे गॅस आहे."

"ते जरा वातावरणनिर्मितीसाठी..."

"हा शाळेची बस पकडायला धावायचा, तेव्हा मी मागून घास घेऊन धावायचे! उपाशी? माझ्या घरात? शेजारणी वाचतील ना हे!"

वडिलांचा पाय टेबलाखाली दाबला गेला. मग ते हळूच म्हणाले, "आणि मी गिटार फोडली? अहो, मी तिला सीटवर पट्टा बांधून न्यायचो. शिकाऊ माणूस गाडी चालवत असला, तर पोटाशी धरून बसायचो."

इतक्यात बबड्या आला आणि चक्क बाईंची बाजू घ्यायला लागला. "पण आई, ते वाचून मला खरंच रडू आलं!"

"जन्मात कधी कांदा चिरला असतास, तर कळलं असतं. रडू कशानंही येतं."

बबड्या खुर्चीत बसला. "मग मला दुःख कसलं झालं? काहीतरी झालंच असेल ना?"

त्याचं तोंड इतकं उतरलं, की आईचा राग पळाला. मग तिघंही त्याच्यासाठी मनापासून दुःख शोधायला लागली.

"गोवर आला होता," आई म्हणाली.

"चांगलाच आला होता," वडिलांनी भर घातली.

"पण गावभर सगळ्याच पोरांना आला होता."

"कुत्रा चावलेला ना?" बबड्यानं आशेनं विचारलं.

"तो समोरच्यांच्या मुलाला."

मग वडील म्हणाले, "हरवला होता एकदा. बाजारात."

"मी? कधी?"

"लहान होतास. आईनं भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली, तेवढ्यात गायब. मी शिकवणी रस्त्यात सोडून आलो. तो शिकाऊ बिचारा एकटाच गाडी चालवत घरी गेला." ते हसले नाहीत. "संध्याकाळी सापडलास. कापडाच्या दुकानात, गाठोड्यावर बसून गाणी म्हणत होतास. दुकानदारानं बिस्किटं दिली होती. आम्हाला बघून म्हणालास, एवढ्यात कशाला आलात?"

"आणि आई?"

आई बोलणार होती. पण तिनं उठून बाईंना पुन्हा भात वाढला. या वेळी बाई नको म्हणाल्या नाहीत.

बबड्या आईच्या पाठीकडे बघत राहिला. "मला यातलं काहीच आठवत नाही."

"कसं आठवेल?" वडील म्हणाले. "तू मजेत होतास."

दुसऱ्या दिवशी तो बाईंना घेऊन प्रकाशकाकडे गेला. "पुस्तक नको. चाळिशीत लिहीन."

"चाळिशीत तुला ओळखणार कोण?"

"कुणीच नाही ओळखलं, तर लिहायला विषय तरी मिळेल."

प्रकाशकानं कपाळावर हात मारला. पण धंद्यातला माणूस, त्यानं फोटोंचं पुस्तक काढलं. प्रत्येक पानावर हसरा बबड्या आणि खाली एक ओळ. लोकांनी ते रांगा लावून नेलं, आणि वाचायला काही नाही अशी तक्रार एकानंही केली नाही. बाईंकडे लगेच पुढचं काम आलं: बुद्धिबळातला एक विजेता, वय वर्षं नऊ. "संघर्ष?" त्यांनी विचारलं. प्रकाशक म्हणाला, "दुधाचे दात पडायला उशीर झालाय." बाईंनी फोन ठेवून दिला.

बबड्यानं आईला दोनतीनदा बाजारात हरवल्याच्या त्या दिवसाबद्दल विचारलं, तिनं उडवून लावलं. मग एकदा वाळलेल्या चादरींची घडी घालायला तिला दुसरं माणूस हवं होतं. एक टोक त्याच्या हातात देऊन, त्याच्याकडे न बघता ती म्हणाली, "आधी मला वाटलं, बापाकडे गेला असशील..."

बबड्यानं टोक घट्ट धरलं आणि ऐकत राहिला.