खरकट्याची बादली

दाहाबोन गावाजवळच्या एका वस्तीत नेरेइदाची डुकरं शेजाऱ्यांच्या खरकट्यावर वाढायची आणि शेजाऱ्यांची डुकरं तिच्या. म्हणून डुक्कर कापलं की शेजारच्या सातही घरी मांसाचं ताट जाई. कोणाची बादली भरून येते आणि कोणाची नुसतीच पाणचट, हे नेरेइदाला तोंडपाठ होतं. तरी सातही ताटं ती सारखीच वाढायची. नावं ठेवायला कोणाला जागा नको!

परवा तिचं एक डुक्कर खाईना, तेव्हा तिने ते मरायच्या आत एका मजुराकडून कापवून वाटून टाकलं. आज दुसरं आडवं झालं. तिने म्हाताऱ्या कसायाला, लिबोरिओला बोलावलं; मानाने सगळे त्याला डॉन म्हणत.

"लवकर कापा हो. मेलं तर वाया जाईल."

म्हाताऱ्याने डुकराचे कान उलटून पाहिले आणि सुरा परत पोत्यात गुंडाळला.

"जांभळे पडलेत. परवाच्याचेही असेच होते?"

"उन्हानं झाले असतील."

"आणि ऊन काय फक्त कानांनाच लागतं, पोरी? हा डुकरांचा ताप आहे. माणसाला काही होत नाही, पण याचा विषाणू मांसात, हाडांत टिकून राहतो. परवाची हाडं कुठे गेली?"

"बादलीत..." ती थबकली. सात ताटं, सात बादल्या!

"कोणाला सांगू नका, डॉन लिबोरिओ. सरकारी माणसं सगळ्यांची डुकरं मारतील. लोक माझ्या नावानं बोटं मोडतील."

"मोडतीलच. माझ्या बापानं असंच आजारी डुक्कर लपवलं होतं. काकाचा कळप त्यातच गेला. काकानं मरेपर्यंत बापाला एका शब्दानंही दोष दिला नाही, कारण त्याला ठाऊकच नव्हतं. बापाला मात्र ठाऊक होतं."

नेरेइदा उठली. पशुवैद्याला फोन केला आणि पहिलं दार गाठलं ते शेजारीण यॉकास्ताचं.

"ये गं, कॉफी घे."

"ती हाडं डुकरांना घातलीस?"

"कालच. का गं?"

नेरेइदाने सगळं सांगितलं. यॉकास्ताने कप खाली ठेवला.

"रविवारी दोन पिलं बहिणीच्या गावी पाठवणार होते मी! ताट पाठवलंस तेव्हा ठाऊक होतं तुला?"

"शंका होती."

दार धाडकन लागलं. अजून सहा दारं बाकी होती. ती सगळीकडे गेली. वस्तीतली डुकरं वाचली नाहीत; पण पिलं कुठेच गेली नाहीत आणि बहिणीच्या गावातले डुकरांचे वाडे भरलेले राहिले. यॉकास्ता मात्र अजून तिच्याशी बोलत नाही.

मंडळी, आजार लपवणाऱ्याला वाटतं, आपण अब्रू राखतोय. तो फक्त शेजाऱ्याच्या हातातला वेळ चोरत असतो. मांसाचं खरकटं डुकरापुढे ओतू नका. आणि शंका आली, तर ती त्याच दिवशी बोला!