भोंग्यावरची नौका

हारेज अलीच्या आवाजाची धोलाई घाटावर कुणाला ओळख करून द्यावी लागत नसे. शेळी हरवली, कुणी वारलं, बाजाराचा दिवस बदलला, की सायकलच्या गाड्यावर भोंगा बांधून हारेज निघालाच. पण त्याचं खरं नाव झालं ते निवडणुकांत. लागोपाठ तीन निवडणुका तो 'नौका मार्का, नौका मार्का' असं घसा फुटेस्तोवर ओरडला होता. नौका ही तेव्हाच्या सरकारवाल्यांची निशाणी. हारेजला त्यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं. जो बोलवेल त्याचं बोलायचं, हा त्याचा धंदा. पण लोकांच्या कानांना हे कोण समजावणार?

मग एका ऑगस्टात ते सरकार उलथलं. मोठे पुढारी बघता बघता पसार झाले आणि ज्यांना पळायला जागाच नव्हती ते हाती लागले. हारेज हाती लागला. शिपननं त्याचा भोंगा घाटाच्या पायरीवर आपटून त्याचं पार डबडं करून टाकलं. शिपन काही परका नव्हे, औषधाच्या दुकानात बसणारा, कॉलेज शिकलेला, हारेजला लहानपणापासून चाचा म्हणणारा पोरगा. सरकार उलथवणाऱ्या पोरांमध्ये त्याचा शब्द चालायचा. त्यानं हात उगारला नाही, हेही सांगायला हवं. एवढंच म्हणाला, "चाचा, तो शब्द पुन्हा तुमच्या तोंडून ऐकला तर मी चाचा म्हणणार नाही."

देशात हंगामी सरकार आलं. तो पक्ष निवडणुकीतून बाद झाला, त्याची निशाणी गेली, आणि धोलाईत एक भलतीच पंचाईत होऊन बसली. एवढी मोठी नदी, पलीकडे चर धोलाई हे वाळूचं बेट, त्यावर वस्ती, आणि नौका म्हणायची चोरी! नावाडीसुद्धा 'ती सोडतोय, बसा' म्हणू लागले. 'ती' म्हणजे कोण, असं विचारून चहाच्या टपरीवर टवाळ लोक त्यांच्या बायकांची चौकशी करायचे.

हारेजला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. त्याला कुणी बोलवेना. मयताची खबरसुद्धा मशिदीच्या माईकवरून जाऊ लागली. दिवसभर तो अंगणात बसायचा आणि कोंबड्यांना हाक मारतानाही त्याचा सूर चढायचा. बायको मोरशेदा कातावायची, पण आतून तिलाही वाईट वाटत होतं. माणूस जेवतोय, झोपतोय आणि तरी रोज थोडा मुका होत चाललाय, हे तिला दिसत होतं. त्याला हवं तरी काय होतं? कुणीतरी पुन्हा एकदा म्हणावं, हारेज, जरा सांग बाबा लोकांना.

आणि निवडणूक जाहीर झाली. ओरडणारी झाडून सगळी माणसं उमेदवारांनी पळवली, तेव्हा तालुक्याच्या निवडणूक अधिकाऱ्याला हारेजशिवाय कुणी उरलं नाही. अधिकारी शराफत साहेब, तरणा माणूस, लांब चट्टग्रामकडून आलेला, त्याला इथलं मागचंपुढचं ठाऊक नव्हतं. त्यानं नवा कोरा भोंगा दिला आणि काय सांगायचं ते कागदावर दिलं. मतपत्रिका दोन, एक पांढरी उमेदवारासाठी, एक गुलाबी सार्वमतासाठी. मतदानाच्या दिवशी इंजिनवाले ट्रॉलर बंद. चरवरच्या मतदारांसाठी सकाळी सरकारी नौका येईल, परत नेऊनही सोडेल.

हारेज तिथपर्यंत वाचत आला आणि त्याची जीभ टाळूला चिकटली.

साहेबाला वाटलं, काही चुकलंय. हारेज म्हणाला, "साहेब, लिहिलंय ते बरोबरच आहे. चूक माझ्या तोंडात आहे."

मग सगळी कथा सांगावी लागली. ऐकून साहेबालाही घाम फुटला. सरकारी भोंग्यावरून, त्यातून या माणसाच्या आवाजात, नौका? वर कळलं तर नोकरी जायची. दुसरा शब्द शोधू म्हणाला. पण कुठला? डिंगी म्हटलं की ती मासे धरायची, ट्रॉलर तर बंदच, लाँचला इथे पाणी पुरत नाही. माणसं बसतात, वल्ही मारत जातात, ती नौकाच. शेवटी साहेबानं नौका खोडून वर लिहिलं, 'जलयान'. स्वतःवरच खूष झाला.

हारेज घरी आला आणि गोठ्यात उभा राहून सराव करू लागला. जलयान म्हणताना काही अडत नव्हतं. मग त्यानं उगाच, खात्री करून घ्यायला म्हणून, हळूच नौका म्हणून पाहिलं. पाठोपाठ जीभ 'मार्का' म्हणून मोकळी. पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच. तो घाबरलाच. दारातून मोरशेदा म्हणाली, "मिनूचे अब्बा, गाईचं नाव मतदार यादीत आहे का?"

दुसऱ्या दिवशी तो ट्रॉलरनं चरवर गेला, भोंगा लावला आणि सबंध चरभर 'जलयान येईल, जलयानात बसून यावे' असं घुमवत हिंडला. कितीतरी दिवसांनी स्वतःचा आवाज लांबून परत येताना ऐकून त्याला भरून आलं. लोक मिरच्या वेचायच्या सोडून बांधावर आले. एकानं विचारलं, हा जलयान मिया कुठल्या पक्षाचा? दुसऱ्याला वाटलं तो अपक्ष असावा, नाव तरी कधी ऐकलं नाही. एका म्हातारबाबांनी त्याला मत द्यायचं कबूलही केलं, बिचारा बोलवायला गाडी पाठवतोय म्हणून.

कोमेला बेवा तेवढी हसली नाही. चरच्या टोकाला एकटी राहणारी विधवा, दाराशी मिरच्या वाळत घालत होती. हारेज तिला दादी म्हणायचा.

"तुझ्या आवाजावर मी मागे तीनदा आले," ती म्हणाली. "तीनदा शाळेच्या दारात सांगितलं, दादी, तुमचं मत पडून गेलंय, घरी जा. आता हे जलयान की काय, ते तुझं तुला लखलाभ."

हारेजनं भोंगा खाली घेतला. तेव्हा शाळेच्या आत काय चाललं होतं ते त्याच्या हातात नव्हतं. पण बोलावलं त्यानंच होतं. परतीच्या वाटेवर त्याच्या डोक्यात चक्र सुरू झालं. ट्रॉलर बंद, जलयान कुणाला कळलं नाही. मतदानाच्या सकाळी हे लोक किनाऱ्यावर फिरकणारच नाहीत, सरकारी नौका रिकामी येईल, रिकामी जाईल. आणि चौथ्यांदाही लोक म्हणतील, हारेजचंच ते बोलणं.

मतदानाच्या आदल्या दिवशी तो पुन्हा चरवर गेला. भोंगा मुद्दाम घरी ठेवला. घरोघर गेला, अंगणात उभा राहिला आणि चार माणसांत बोलतात तशा आवाजात म्हणाला, उद्या सकाळी नौका येणार आहे, बसा आणि या. 'नौका' म्हटलं की दात आवळायचा, म्हणजे पुढचा शब्द आतच राहील. लोक एकमेकांकडे बघायचे, मग तोंडावर हात धरून हसायचे. असं होय! मग त्या दिवशी कशाला ते वाकडंतिकडं बोलत होतास?

कोमेला बेवानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "भोंगा कुठाय?"

"घरी."

ती पुन्हा मिरच्या पसरायला लागली. येते म्हणाली नाही, येत नाही असंही म्हणाली नाही.

मतदानाच्या सकाळी धुकं इतकं होतं की नदी कुठे संपते आणि आभाळ कुठे लागतं ते समजेना. हारेज घाटावर येऊन उभा राहिला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग वल्ह्यांचा आवाज आला आणि धुक्यातून नौका पुढे आली, काठोकाठ भरलेली, बाया पदर सावरत, पुरुष मफलर गुंडाळून. कोमेला बेवा मधोमध बसली होती. हारेजनं हात दिला. तिनं तो धरला नाही, स्वतःच उतरली आणि शाळेच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

रांग लांब होती, पण सरकत होती. आवाराबाहेर पोलिसांचा बंदोबस्त, आणि त्यांच्याजवळ गर्दी आवरायला मदत म्हणून शिपन आणि त्याची पोरं. हारेज लांबूनच बघत होता. कोमेला बेवा आत गेली. बाहेर आली तेव्हा उन्हं चढली होती आणि शाळेपुढे ही झुंबड. ती फाटकात थांबली, इकडेतिकडे पाहिलं आणि कानानं कमी ऐकणाऱ्या माणसांचा असतो त्या चढ्या आवाजात विचारलं,

"नौका कुठाय? मला तर कुठे दिसत नाही!"

सगळ्यांना वाटलं, म्हातारी मतपत्रिकेवर ती जुनी निशाणी शोधतेय. एक पोलीस पुढे आला. शिपननं विचारलं, "दादी, नौका शोधायला कुणी सांगितलं?"

"हारेजनं. घरी येऊन सांगून गेला."

हारेजला पळावंसंही वाटलं नाही. शिपन गर्दीतून वाट काढत आला, त्याचा सदरा गळ्याशी मुठीत धरला, आणि पोराच्या चेहऱ्यावर रागापेक्षा दुखावल्याचीच खूण जास्त होती. हारेजनं डोळे मिटून घेतले. संपलं, त्याच्या मनात आलं. या घाटावर आता आपल्याला कुणी म्हणून बोलवणार नाही.

"अरे, त्याला कशाला धरतोस?" कोमेला बेवा ओरडली. "नौका परत न्यायला येणार म्हणाला होता, आणि घाटाकडे बघते तर नाही. मिरच्या उघड्यावर टाकून आलेय मी. कावळे काय तुझी दुकानदारी बघून थांबणार आहेत?"

आणि तिनं डाव्या हाताचा अंगठा शिपनच्या नाकासमोर धरला. त्यावर शाई होती, ओली, काळी. "हे बघ. माझं झालंय. आता मला घरी सोडा."

आधी पोलीस हसला. मग आख्खं फाटक हसलं. शिपनची मूठ सुटली. तो हारेजच्या सदऱ्याची घडी सारखी करत राहिला, उगीचच, बराच वेळ. चरवरची बरीच माणसं गर्दीत विखुरली होती आणि नौका तर घाटाच्या खालच्या अंगाला, पिंपळाआड बांधलेली होती. ती कुणालाच दिसत नव्हती. शिपननं पोलिसाच्या हातातला भोंगा मागून घेतला.

"घ्या चाचा," तो म्हणाला, "तुम्हीच सांगा."

हारेजनं भोंगा तोंडाला लावला. चर धोलाईच्या मतदारांनी लक्ष द्यावे, आवाज बरोबर लागला. परत जाणारी नौका पिंपळाखाली उभी आहे. नौका. तो थांबला, दात आवळायला म्हणून थांबला, आणि जिभेवर पुढचं काही आलंच नाही. म्हणून त्यानं पुन्हा म्हटलं, नौका उभी आहे, सावकाश या, आणि कोमेला बेवा भराभर पिंपळाकडे चालू लागली.